वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण ही कला केव्हा झाली?

छायाचित्रण ही कला आहे की नुसते कसब, याविषयी मनात असलेले प्रश्न कळवावेत, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. आशय मात्र लिहिणाऱ्यांचाच आहे.

मी चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकार कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने रेषा उमटवतो. छायाचित्रकार कळ दाबतो आणि उरलेले काम काच व रसायन करते. दोघांना एकाच पंक्तीला कसे बसवायचे? (निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर)

आपला आक्षेप जवळजवळ छायाचित्रणाइतकाच जुना आहे, आणि तो घेणारे पहिले लोक उथळ मुळीच नव्हते. लुई दागेर यांची, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवण्याची रीत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, १८५९ च्या कलाप्रदर्शनावर लिहिताना, कवी शार्ल बोदलेअर यांनी असे मत मांडले की छायाचित्रणाने विज्ञानाची आणि कलेची दासी म्हणून राहावे, प्रवाशाची टिपणवही भरावी, पडत चाललेल्या वास्तूंची आणि जीर्ण ग्रंथांची नोंद ठेवावी. कल्पनाशक्तीच्या प्रांतात मात्र त्याने पाऊल टाकू नये.

त्या काळच्या महत्त्वाकांक्षी छायाचित्रकारांनी या आक्षेपाला उत्तर दिले ते चित्रकारांचे अनुकरण करून. ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून सद्वर्तन आणि विलास यांचे एक भले मोठे रूपकचित्र तयार केले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मरणासन्न तरुणीचा प्रसंग रचला. या दोघांच्या परिश्रमांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांनी मूळ आक्षेप मान्य करून टाकला असे मला वाटते. कला हाताच्या श्रमातच असते हे त्यांनी गृहीत धरले आणि म्हणून कॅमेऱ्याच्या कामात हाताचे काम वाढवले.

माझे उत्तर निराळे आहे. चित्रकारापुढे कोरा कागद असतो आणि त्यावर काय आणायचे हे तो ठरवतो. छायाचित्रकारापुढे आधीच गच्च भरलेले जग असते आणि त्यातले काय वगळायचे हे त्याला ठरवावे लागते. कोठे उभे राहायचे, चौकटीबाहेर काय ठेवायचे, किती प्रकाश आत घ्यायचा, कोणत्या घटकेला कळ दाबायची आणि शेवटी कागदावर काळा रंग किती गडद आणायचा, हे सारे निर्णय माणसाचे असतात. एकाच वाड्याच्या चौकात दहा जणांना एकच कॅमेरा देऊन सोडले, तर दहा निराळी छायाचित्रे येतात. हा फरक कॅमेऱ्यातून आलेला नसतो.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांची छायाचित्रे अभ्यासक्रमात आहेत. ती धूसर आहेत, काहींवर ओरखडे आणि बोटांचे ठसे आहेत. मी असे काम सादर केले तर माझे गुण कापले जातील. त्यांच्या चुकांना कला का म्हणायचे? (छायाचित्रणाची विद्यार्थिनी, पुणे)

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि कॅमेरन बाईंच्या हयातीतही तो विचारला गेला होता. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कोलकात्यात झाला, लग्नही तिथेच झाले, आणि १८४८ मध्ये त्या कुटुंबासह इंग्लंडला गेल्या. १८६३ मध्ये मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. इंग्लंडजवळच्या ‘वाइट’ नावाच्या बेटावरील घरी त्यांनी कोळशाच्या कोठारात डार्करूम थाटली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. त्या वेळी ओल्या कलोडियनची रीत प्रचलित होती. काचेवर चिकट द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याच्या आत धुऊन काढायची. धुळीचा एक कण बसला किंवा हात किंचित थरथरला तरी त्याची खूण कायमची राहत असे.

त्यांच्या कामात दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात. ओरखडे, ठसे आणि डाग हे बऱ्याच अंशी घाईचे आणि हाताळणीचे दोष होते; ते त्यांनी पुसले नाहीत, इतकेच. धूसरपणाची गोष्ट वेगळी आहे. त्या मोठ्या काचा वापरत, पुढे तर १५ × १२ इंचांच्या, आणि चेहऱ्याच्या फार जवळ जात. अशा वेळी डोळे स्पष्ट आले की कान धूसर होतो. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, हाही इतका लांबत असे की बसलेल्या माणसाचा श्वासोच्छ्वाससुद्धा काचेवर हलकेच उतरे. इतर छायाचित्रकार भिंग फिरवत फिरवत जास्तीत जास्त रेखीव प्रतिमेपर्यंत जात; कॅमेरन बाईंनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की भिंग फिरवताना डोळ्यांना जे सुंदर वाटे तिथेच त्या थांबत. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना १८६४ च्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी विचारले होते की फोकस म्हणजे काय आणि अमुक फोकस योग्य हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा. हे त्यांनी ज्यांना विचारले त्या हर्शेल यांनीच ‘फोटोग्राफी’, ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द रूढ केले होते, म्हणून या पत्राचे मला विशेष वाटते.

१८६७ मध्ये त्यांनी हर्शेल यांचे छायाचित्र घेतले ते अवश्य पाहा. त्या काळी स्टुडिओत माणूस खांबाशेजारी, पडद्यापुढे, हातात पुस्तक घेऊन उभा केला जाई आणि त्याची प्रतिष्ठा कपड्यांतून सांगितली जाई. कॅमेरन बाईंनी हर्शेल यांना केस धुऊन विस्कटून बसायला लावले, अंगावर काळे वस्त्र पांघरले आणि एका बाजूने प्रकाश सोडला. अंधारातून वर येणारा तो सुरकुतलेला चेहरा आणि त्याभोवती पसरलेले पांढरे केस यांतून आयुष्यभर आकाश न्याहाळलेला म्हातारा माणूस समोर येतो. छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी त्यांच्या तंत्रावर कडक टीका केली. तरीही लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ मध्येच त्यांचे काम विकत घेतले.

गुणांविषयी सांगायचे तर, परीक्षकाला हवे असलेले रेखीव छायाचित्र आपल्याला काढता आलेच पाहिजे. ते येत असूनही आपण धूसर छायाचित्र निवडले, आणि का निवडले हे सांगता आले, तर ते काम पुन्हा सादर करावे. कॅमेरन बाईंना हे कारण सांगता येत होते, म्हणूनच मी त्यांच्या धूसरपणाला चूक म्हणत नाही.

छायाचित्रणाच्या प्रत्येक इतिहासात आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे नाव येते. मी त्यांची ढगांची छायाचित्रे पाहिली. ढगच आहेत. एवढे काय आहे त्यांच्यात? (बँक कर्मचारी, नाशिक)

ढगांपर्यंत यायला स्टिग्लिट्झ यांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. १८६४ मध्ये अमेरिकेत जन्मलेले स्टिग्लिट्झ बर्लिनला अभियांत्रिकी शिकायला गेले आणि तिथे हेर्मान फोगेल या रसायनतज्ज्ञांच्या हाताखाली छायाचित्रणाकडे वळले. परत आल्यावर, फेब्रुवारी १८९३ मधील एका हिमवादळात, हातात धरायचा साधा कॅमेरा घेऊन ते न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभे राहिले आणि बर्फातून वाट काढणारी घोडागाडी त्यांनी टिपली. तशा कॅमेऱ्याला जाणकार तेव्हा हौशी लोकांचे खेळणे समजत.

१९०२ मध्ये त्यांनी समविचारी छायाचित्रकारांचा गट बांधला, १९०३ पासून ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक चालवले आणि १९०५ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांच्या साथीने फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या इमारतीत छोटे कलादालन उघडले. तिथे छायाचित्रांबरोबर रोदँ, मातीस आणि पिकासो यांचे काम अमेरिकेतील प्रेक्षकांनी पाहिले. ‘कॅमेरा वर्क’मधील चित्रे उत्तम कागदावर काळजीपूर्वक छापून पानावर हाताने चिकटवली जात. सुरुवातीला सुमारे हजार वर्गणीदार होते. १९१७ मध्ये नियतकालिक बंद पडले तेव्हा ते चाळीसहून कमी उरले होते. नियतकालिक चालवणाऱ्या कोणालाही हा आकडा वाचून गलबलून येईल. शेवटचा अंक त्यांनी पॉल स्ट्रँड या तरुणाच्या कामाला दिला. स्ट्रँड यांची न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील छायाचित्रे थेट, कणखर आणि रेखीव होती, आणि ज्या मऊ, चित्रासारख्या शैलीचा पुरस्कार स्टिग्लिट्झ यांनी इतकी वर्षे केला होता तिच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. आपली भूमिका अपुरी होती हे पन्नाशीत ओळखून दुसऱ्याच्या कामाला जागा देणे सोपे नसते.

मधल्या काळातील एक छायाचित्र मला या सर्वांत मोलाचे वाटते. १९०७ मध्ये ते कुटुंबासह युरोपला निघाले होते. पहिल्या वर्गाच्या डेकच्या कडेला उभे राहून खाली पाहताना त्यांना स्वस्त भाड्याच्या वर्गातील माणसांची दाटी दिसली: एका पुरुषाची गोल गवती टोपी, एका बाजूला कललेले धुराडे, दुसरीकडे झुकलेला जिना, मधून गेलेला पांढरा पूल आणि एकाच्या पाठीवर फुली झालेले पट्टे. ते धावत केबिनमध्ये गेले. कॅमेऱ्यात एकच कोरी काच उरली होती. परत आले तेव्हा ती सारी रचना जागच्या जागी होती. हे छायाचित्र अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांचे म्हणून अनेक ठिकाणी छापले जाते, पण ती बोट अमेरिकेहून युरोपकडे चालली होती. तरीही त्या माणसांची कहाणी आणि आकारांची मांडणी या दोन गोष्टी त्यात अशा एकजीव झाल्या आहेत की एक बाजूला काढली तर दुसरी उरत नाही.

आता ढग. १९२२ मध्ये एका समीक्षकाने असे सुचवले की स्टिग्लिट्झ यांच्या छायाचित्रांची ताकद ते ज्यांची छायाचित्रे घेतात त्या माणसांवरील त्यांच्या प्रभावातून येते. हे त्यांना लागले. ज्यावर कोणाचाच प्रभाव चालत नाही आणि जे सर्वांना फुकट मिळते असे आकाश त्यांनी विषय म्हणून निवडले. पहिल्या मालिकेला त्यांनी संगीताचे नाव दिले. पुढे या छायाचित्रांना ते ‘समतुल्ये’ म्हणू लागले, म्हणजे आपल्या मनातील अवस्थेला तुल्य असणारी रूपे. त्यांतील अनेकांत क्षितिज नाही, झाड नाही, वर-खाली सांगणारी एकही खूण नाही. आलाप ऐकताना आपण त्यातील शब्दांचा अर्थ शोधत नाही, त्याच रीतीने ही चित्रे पाहून बघावीत. नाही आवडली तरी हरकत नाही, पण एखादे चित्र मिनिटभर तरी पाहावे.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. १९२४ मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने स्टिग्लिट्झ यांची सत्तावीस छायाचित्रे आपल्या संग्रहात घेतली. हे घडवून आणले ते तिथे भारतीय कलेचा विभाग सांभाळणाऱ्या आनंद कुमारस्वामी यांनी. अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयाचे दार छायाचित्रासाठी उघडायला नटराजाच्या मूर्तीवर लिहिणारा अभ्यासक पुढे आला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

माझा मोबाइल एका सेकंदात कितीतरी फोटो काढतो. त्यांतला एक निवडला की आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा ‘निर्णायक क्षण’ मिळाला असे का म्हणू नये? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

आधी शब्दाविषयी. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकाचे फ्रेंच नाव ‘पळता पळता टिपलेल्या प्रतिमा’ अशा अर्थाचे होते. ‘निर्णायक क्षण’ हे नाव इंग्रजी आवृत्तीला दिले गेले आणि तेच जगभर रुजले. त्यामुळे अनेकांना वाटते की त्यांची सारी कला वेगात होती. ते तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे रचना शिकले होते. १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस त्यांनी कुंपणाच्या फटीतून टिपला. त्यात माणूस आणि त्याचे प्रतिबिंब, मागच्या भिंतीवरील जाहिरातीतील उडी घेणारी नर्तकी, पाण्यात पडलेल्या वर्तुळाकार पट्ट्या, हे सगळे एकमेकांना उत्तर देतात. पायाची टाच पाण्याला लागण्याआधीचा तो क्षण आहे हे खरे, पण चौकट आधी ओळखलेली नसती तर क्षणाचा काही उपयोग झाला नसता.

वीस फोटोंतून एक निवडणे हेही कौशल्यच आहे आणि मी ते कमी लेखत नाही. मात्र मोबाइल आपल्यासाठी जागा निवडत नाही. एक आठवडा रोज एकाच ठिकाणी जाऊन दिवसाला एकच छायाचित्र घ्यावे, असे मी सुचवेन.

लग्नाच्या फोटोंत मी आकाश गडद करतो, चेहरे उजळतो, वधूच्या मागे उभा असलेला मांडववाला काढून टाकतो. माझा मुलगा म्हणतो हा खोटेपणा आहे. जुने मोठे छायाचित्रकार असे करत नव्हते ना? (व्यावसायिक छायाचित्रकार, छत्रपती संभाजीनगर)

करत होते, आणि त्यांतील काही जण ते उघडपणे सांगतही होते. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी तरुणपणी पियानोवादक होण्यासाठी शिक्षण घेतले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, असे ते म्हणत. आपल्याकडे एकच बंदिश एकच गायक दोन मैफलींत निराळी मांडतो, तसेच हे आहे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या गावाजवळ त्यांनी घाईघाईने गाडी थांबवली. चंद्र वर आला होता आणि मावळते ऊन दफनभूमीतील पांढऱ्या क्रूसांवरून सरकत होते. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तोंडपाठ असलेली तेजस्विता धरून त्यांनी एक्स्पोजरचा हिशेब केला. दुसरी प्रतिमा घेण्याआधीच ऊन गेले. त्याच एका निगेटिव्हमधून त्यांनी पुढे अनेक वर्षे प्रिंट काढले, आणि सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ढगांचे पुंजके असलेले आकाश नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळे होत गेले. यात मला खोटेपणा दिसत नाही. त्या संध्याकाळी त्यांना काय जाणवले ते ते सांगत होते, आणि ते छायाचित्र पुरावा म्हणून कोणाच्या हाती दिलेले नव्हते.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे उदाहरण अधिक अवघड आहे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याचे पीक काढायला आलेल्या मजुरांच्या छावणीत, त्यांनी मुलांना कवेत घेऊन बसलेल्या आईचे छायाचित्र घेतले. त्या तेव्हा एका सरकारी खात्याच्या छायाचित्र-प्रकल्पासाठी काम करत होत्या. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. तो रचनेला खुपतो म्हणून लँग यांनी १९३९ मध्ये मूळ निगेटिव्हवरच तो पुसट करून घेतला. प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हे आवडले नाही, कारण ते छायाचित्र सरकारी नोंद होते. मी स्ट्रायकर यांच्या बाजूचा आहे. त्या अंगठ्याने मातेच्या चेहऱ्यावरील चिंता कमी झाली नसती, आणि नोंद म्हणून ज्यावर लोकांनी विश्वास ठेवला त्यातील काही गुपचूप नाहीसे झाले. शिवाय त्या मातेने पुढे म्हातारपणी सांगितले की या छायाचित्रातून तिला स्वतःला काहीही मिळाले नाही. ही गोष्ट अंगठ्याहून कितीतरी मोठी आहे, आणि दुसऱ्याच्या दुःखाचे छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकाने ती मनात बाळगायला हवी.

आपल्या कामात घरच्यांना काय अपेक्षित आहे हे दोघांनाही ठाऊक असते, म्हणून आकाश गडद करण्यात फसवणूक नाही. मांडववाल्याविषयी मात्र मी आपल्या मुलाचे म्हणणे अर्धे मान्य करतो. मूळ प्रत जपून ठेवा. पन्नास वर्षांनी त्या घरातील कोणाला तरी मांडव उभारणारा माणूसही पाहायचा असेल.

आमच्या पणजोबांचा फोटो स्टुडिओ होता. माळ्यावर काचेच्या निगेटिव्हची पेटी सापडली. काही काचांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. या इतिहासात आमच्या भागातील अशा लोकांना काही स्थान आहे का, आणि काचांचे काय करावे? (गृहिणी, सातारा)

स्थान निश्चित आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईतील स्टुडिओ नावाजला, आणि लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपली शाखा उघडली. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी गोध्र्यात छायाचित्रांचा व्यवसाय केला होता. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला पुढे भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. गावोगावच्या स्टुडिओंची नावे ग्रंथांत क्वचितच येतात, म्हणून आपली पेटी महत्त्वाची आहे.

पेन्सिलीच्या खुणा म्हणजे खराबी समजू नका. निगेटिव्हवर पेन्सिलीने भरलेली जागा प्रिंटमध्ये उजळ येते. सुरकुत्या आणि व्रण सौम्य करण्यासाठी कारागीर टोकदार पेन्सिलीने हे काम करत. पणजोबांच्या, किंवा त्यांच्या हाताखालच्या कोणाच्या तरी, हाताचे हे काम आहे.

काचा पाण्याने धुऊ नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका. प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर सुटून येतो. चकाकणारी बाजू काचेची आणि मंद दिसणारी बाजू प्रतिमेची असते, त्या बाजूला बोट लावू नका. कडांना धरून उचला, मऊ ब्रशने धूळ झटका, प्रत्येक काच आम्लविरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटे आडवी न रचता लांब कडेवर उभी ठेवा. पेटी माळ्यावरून खाली, कोरड्या आणि कमी उष्ण खोलीत आणा. पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर काच ठेवून चांगल्या कॅमेऱ्याने प्रतिमा घेतली की घरच्या घरी तिच्यातील काळे-पांढरे उलटवून पाहता येईल.

त्या प्रतिमा छापून घरातील आणि गल्लीतील सर्वांत वयस्कर माणसांना या महिन्यातच दाखवा आणि कोण कोण ओळखू येते ते विचारा. नावे पाकिटावर पेन्सिलीने लिहायची ती काच आत घालण्यापूर्वी, म्हणजे लिहिताना काचेवर दाब पडणार नाही.